अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट टाकायचा का? गाडीखाली जाऊन ठरवा

पुतण्या डाळिंबाची पिकअप चालवतो. सांगोल्याहून माल भरायचा, पुण्याला उतरवायचा, परत यायचं. एका सकाळी गाडी दारात लावून तो म्हणाला, "काका, साठच्या पुढं गेली की सीटखाली थरथरती बघा. पोरं म्हणत्यात, अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट टाक. गाडी हलकी पळती म्हणं, अ‍ॅव्हरेज बी वाढतंय." मोबाईलवर त्यानं अमेरिकेतल्या मस्टँग गाड्यांचे व्हिडिओ पाहिले होते. चकाचक पांढरा जाड पाइप, दोन टोकांना जॉइंट, आणि बसवणारा माणूस खूश.

माझी उमर लेथवर गेली, त्यामुळे फिरणाऱ्या वस्तूंविषयी मला आस्था आहे. त्याला हो किंवा नाही म्हणण्याआधी आम्ही दोघं गाडीखाली गेलो, मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवशी जे केलं ते इथे क्रमानं लिहितो. ज्यांनी हा शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरत जाणारा लांब पाइप, आजवर कधी पाहिलाही नाही त्यांनाही ते जमेल.

पहिली पायरी: तुमच्या गाडीला हा शाफ्ट आहे का?

अनेकांचा प्रश्न इथेच संपतो. स्विफ्ट, ऑल्टो, वॅगन-आर, आय-ट्वेंटी, अर्टिगा या गाड्यांचं इंजिन पुढं आणि ओढ पुढच्याच चाकांना. गिअरबॉक्समधून दोन आखूड शाफ्ट थेट चाकांकडे जातात. त्यांना गॅरेजमध्ये अ‍ॅक्सल म्हणतात आणि त्यांच्या टोकांना रबरी बूटमध्ये, म्हणजे आवरणात, सीव्ही जॉइंट नावाचे सांधे असतात. हलका करण्याजोगा लांब पाइप या गाड्यांत नसतोच. वळताना "कट् कट्" आवाज येत असेल तर बूट फाटून जॉइंट सुकला आहे का ते बघा. या लेखातलं पुढचं काही तुम्हाला लागणार नाही.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, ईको, जुनी ओम्नी, जिप्सी आणि बहुतेक पिकअप यांची ओढ मागच्या चाकांना असते. गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दातेरी चक्रांच्या पेटीपर्यंत, एक लांब पाइप फिरत असतो, तोच प्रोपेलर शाफ्ट. थारसारख्या फोर बाय फोर गाडीत पुढच्या चाकांसाठी आणखी एक असतो. काही गाड्यांत तो एकसंध असतो. लांब गाड्यांत त्याचे दोन तुकडे असतात आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. टोकांना असतात क्रॉस, म्हणजे सुया भरलेल्या चार वाट्यांचा अधिक चिन्हासारखा तुकडा. चाकं खालीवर झाली तरी त्याच्यामुळे शाफ्ट कोनात फिरू शकतो. एका ठिकाणी दातेरी सरकता जॉइंट असतो, कारण मागची चाकं खालीवर झाली की लांबी थोडी कमी-जास्त होते.

गाडीखाली जाताना सपाट जागा बघा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, टेका. एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. मागच्या ओढीच्या गाडीचा शाफ्ट काढला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा मोकळी होते, कारण गिअरबॉक्स आणि चाकांमधला दुवाच गेलेला असतो. उतारावर हे जिवावर बेतू शकतं.

दुसरी पायरी: बदल कशासाठी हवाय ते एका ओळीत लिहा

पुतण्यानं लिहिलं, "थरथर जावी आणि अ‍ॅव्हरेज वाढावं." हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी निघाली. तुम्हीही लिहून काढा. नुसतं "चांगलं असतं म्हणून" एवढंच लिहिता आलं तर थांबा.

तिसरी पायरी: थरथर कुठली ते ओळखा

थोडा साधा हिशेब करू. पिकअपच्या टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर धरा, म्हणजे एका फेऱ्यात गाडी साधारण २.२ मीटर जाते. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला जवळपास ६०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १०. हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनचं, म्हणजे तिथल्या दोन दातेरी चक्रांचं, प्रमाण ४ धरलं तर शाफ्ट त्याच्या चौपट फिरतो, मिनिटाला २,४०० म्हणजे सेकंदाला ४०.

म्हणून चाकाचा दोष आणि शाफ्टचा दोष अंगाला वेगवेगळे जाणवतात. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल तर सेकंदाला दहा झटके बसतात. ते जवळजवळ मोजता येतील इतके सुटे असतात आणि पुढच्या चाकाचे असतील तर स्टिअरिंगवर हातात येतात. शाफ्टचा दोष सीटखाली, फ्लोअरच्या पत्र्यात, पायाच्या तळव्यांना बारीक गुणगुणीसारखा लागतो. क्रॉसच्या कोनाचा किंवा जुळणीचा दोष असेल तर एका फेऱ्यात दोनदा झटका बसतो, म्हणजे सेकंदाला ८०. तो तर कानाला घोंघावल्यासारखा येतो.

आता रिकाम्या सरळ रस्त्यावर एक परीक्षा करा. ज्या वेगाला थरथर येते तोच वेग धरून गिअर बदलून बघा. इंजिनाचे फेरे बदलले तरी थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध नाही, मागचं बघायचं. गिअर बदलल्यावर थरथर गेली तर शाफ्टवर पैसे घालवू नका, इंजिनाचे माउंटिंग तपासा.

मग खाली जाऊन हात लावा. क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक, म्हणजे क्रॉस ज्यात बसतो ते बेचक्यासारखे तुकडे, धरून उलटसुलट पिळा. जरासुद्धा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको. गाडी सुटताना "टक्" होत असेल तर बहुधा क्रॉसच घासलेला असतो. हळू चालताना चिमणीसारखा "चूं चूं" आवाज येत असेल तर ग्रीस संपलं आहे. भरलेली गाडी सुटताना जोराचा हादरा बसत असेल तर सेंटर बेअरिंगचं रबर बघा, ते फाटलेलं सापडतं. पाइपवर पोचा पडला आहे का, चिखल वाळून बसला आहे का, बॅलन्सिंगसाठी वेल्ड केलेली छोटी लोखंडी पट्टी निघून तिचा डाग तेवढा उरला आहे का, हेही पाहा.

पुतण्याच्या गाडीत क्रॉस चांगले होते, रबर चांगलं होतं, पाइपवर साधा ओरखडा नव्हता. मग मी त्याला विचारलं, "थरथर कधीपासनं?" जरा आठवून तो म्हणाला, "क्लच प्लेट बदलल्यापासनं." तेव्हा मी सरकता जॉइंट नीट बघितला. त्याच्या दोन्ही बाजूंचे योक एका रेषेत असायला हवे होते, ते एकमेकांपासून तिरके होते. क्लचच्या कामासाठी शाफ्ट उतरवला होता. परत लावताना खूण न करता, दाते जिथे बसले तिथेच ढकलून दिला होता. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक भरून काढतो. योक एका रेषेत नसतील तर भरून काढायचं राहतं आणि दोन्हींचे झटके मिळून गाडी थरथरते. आम्ही शाफ्ट काढला, दाते सरकवून योक जुळवले, पांढऱ्या रंगानं खूण केली आणि बोल्ट आवळले. होटगी रोडला चक्कर मारून आलो. थरथर गेली होती. खर्च म्हणाल तर रंगाचा एक ठिपका.

हे मुद्दाम लांबण लावून सांगितलं. महागडा शाफ्ट टाकला असता तरीही थरथर गेलीच असती, कारण नवा शाफ्ट जुळवूनच येतो. मग पुतण्या जन्मभर सांगत फिरला असता की अ‍ॅल्युमिनियममुळे गाडी सुधारली.

चौथी पायरी: वजनाचा हिशेब कागदावर

आता अ‍ॅव्हरेज आणि हलकेपणाकडे येऊ. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची ७.८५, म्हणजे वजन साधारण एक तृतीयांश. ऐकायला मोठं वाटतं. पण अ‍ॅल्युमिनियमची ताठरताही पोलादाच्या एक तृतीयांशच असते आणि ताकदही कमी. म्हणून तेवढ्याच मापाचा पाइप चालत नाही, जास्त व्यासाचा आणि जाड भिंतीचा घ्यावा लागतो.

उदाहरण घेऊ. पोलादी पाइप ७५ मिमी व्यासाचा, भिंत २ मिमी, लांबी १.८ मीटर. त्याचं वजन येतं सुमारे साडेसहा किलो. त्याच लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप १०० मिमी व्यासाचा, भिंत ३ मिमी. त्याचं वजन सुमारे साडेचार किलो. पाइपपाइपातला फरक झाला दोन किलोंचा. क्रॉस आणि दातेरी टोक तर पोलादाचीच राहतात. परदेशी गाड्यांत जास्त वजन कमी झालेलं दिसतं, कारण तिथे बहुतेक वेळा दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून एकसंध टाकलेला असतो. मधला क्रॉस, सेंटर बेअरिंग, त्याचा कंस हे सगळं जातं. म्हणजे बचतीचा मोठा वाटा धातूचा नसतो, मधला जोड काढल्याचा असतो.

दुसरा मुद्दा फिरत्या वजनाचा. "फिरणारं वजन कमी झालं की गाडी उडते" असं सगळे म्हणतात. चाकाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण चाकाचं वजन मध्यापासून लांब, कडेला असतं. शाफ्टचं वजन मध्यापासून जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरवर फिरतं. फिरवायला लागणारा जोर वजनावर अवलंबून असतो आणि अंतराच्या वर्गावरही. आता वरच्या दोन पाइपांची तुलना करा. अ‍ॅल्युमिनियमचा हलका आहे, पण त्याचं वजन जवळपास पावणेपाच सेंटिमीटरवर आहे. गुणाकार केला तर या उदाहरणात अ‍ॅल्युमिनियमचा जाड पाइप फिरवायला पोलादी पाइपापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त जड निघतो! मी दोनदा करून बघितलं. पुतण्याला कॅल्क्युलेटर दिला, त्याच्याकडूनही तेच आलं.

घाबरायचं कारण नाही, कारण दोन्ही आकडे फारच लहान आहेत. मधला जोड धरून सहा किलो कमी झाले समजा, आणि रिकामी गाडी १,८०० किलोची. म्हणजे तीन हजारात दहा. डिकीतला पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि एक पाना काढून ठेवलात तर तेवढंच होतं. समान वेगानं पळणाऱ्या गाडीला तर शाफ्टची जडता आडही येत नाही, ती फक्त वेग वाढवताना लागते. पुणे हायवेला एका लयीत जाणाऱ्या गाडीच्या डिझेलवर यानं काही फरक पडणार नाही. त्याच पैशात चांगले टायर घ्या, दर आठवड्याला हवा तपासा, एअर फिल्टर वेळेवर बदला. आपल्याकडच्या धुळीत हे जास्त कामाला येतं.

पाचवी पायरी: लांबी आणि फिरण्याचा वेग

अ‍ॅल्युमिनियमच्या शाफ्टचा खरा गुण इथे आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. लांब पाइप वेगानं फिरला की एका ठराविक वेगाला तो मध्ये फुगायला लागतो, पोरी दोरीवरच्या उड्या मारताना दोरी फुगते तसा. त्या वेगाला पोचलेला शाफ्ट थरथरत तरी राहतो, नाहीतर तुटतो. ही मर्यादा लांबीच्या वर्गानं खाली येते. लांबी दीडपट झाली की मर्यादा निम्म्याच्याही खाली जाते. कारखानदार लांब गाडीत दोन तुकडे टाकतात ते याचसाठी. कंजूषपणा म्हणून नव्हे.

वरचाच १.८ मीटरचा पोलादी पाइप एकसंध टाकला तर कागदावर मर्यादा येते मिनिटाला सुमारे ३,८०० फेरे. शाफ्ट ताशी १०० ला ३,००० आणि १२० ला ३,६०० फेऱ्यांवर असतो. प्रत्यक्षात मर्यादेच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जायचं नसतं, म्हणून हा पाइप नापास. १०० मिमीच्या अ‍ॅल्युमिनियमची मर्यादा येते सुमारे ५,१००. तो पास होतो. पण तो पास झाला जाडीमुळे. ७५ मिमीचाच अ‍ॅल्युमिनियम पाइप घेतला असता तर मर्यादा पोलादाइतकीच आली असती, कारण ताठरता आणि घनता यांचं गुणोत्तर दोन्ही धातूंत जवळजवळ सारखंच आहे. "अ‍ॅल्युमिनियम आहे म्हणजे फास्ट चालतो" असं सांगून कोणी बारीक पाइप गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

जाड पाइपाला खाली जागाही लागते. सायलेन्सरचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि चासीची आडवी पट्टी यांच्यामधून तो माल भरलेल्या गाडीत, खड्ड्यात आदळतानाही न घासता फिरला पाहिजे. आणि मधला जोड काढला की त्याचं रबरही जातं, मग मागचा घर्रर्र आवाज थेट केबिनमध्ये येतो. कुटुंबाच्या गाडीत हे दोन दिवसांत डोक्यात जातं.

सहावी पायरी: आपले रस्ते

सोलापूरची हवा कोरडी. कोकणासारखा गंज इथे नाही, त्यामुळे "अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही" हा फायदा आपल्या फारसा कामाचा नाही. उलट अ‍ॅल्युमिनियमच्या योकमध्ये पोलादी क्रॉसची वाटी बसते, तिथे ओल राहिली की दोन धातूंमध्ये झीज होते आणि वाटी अशी अडकते की हातोडीनं ठोकली तर योकच चिरतो. उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो, खालून सायलेन्सरची धग असते. तापून अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं, पण दीड मीटर पाइप ५० अंशांनी तापला तरी वाढ दोन मिलिमीटरच्या आत राहते. सरकता जॉइंट ती सहज खातो. उन्हाची काळजी नको.

काळजी दगडांची आणि रानवाटांची आहे. काळ्या रानात पावसात रुतलेली भरली गाडी पहिल्या गिअरमध्ये काढताना शाफ्टवर फार ताण येतो. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, २०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचं प्रमाण ४ धरलं तर शाफ्टवर ८०० होतो, आणि चाक एकदम पकड घेतं तेव्हाचा झटका त्याहून मोठा. पोलादाला एक सोय असते. ताण ठराविक मर्यादेखाली राहिला तर ते कितीही वेळा तो सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, लहान ताणही फार वेळा आले की ते थकतं. दगडाचा खोल ओरखडा असेल तर तड तिथूनच सुरू होते. गाडी ओढताना शाफ्टला साखळी बांधायची सवय काहींना आहे. पोलादी शाफ्टलाही ती बांधू नये, अ‍ॅल्युमिनियमचा तर तेवढ्यानंही बाद होतो.

दुरुस्तीचंही ऐका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथ आणि वेल्डिंगची वाण नाही. पोलादी शाफ्टचा पाइप कापून नवा जोडणं हे रोजचं काम आहे. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. शाफ्टला वापरतात त्या मिश्रधातूला उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या शेजारचा भाग मऊ पडून ती ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून पोचा पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. मोडनिंबजवळ रात्री अडकलात तर क्रॉस कुठेतरी मिळेल, हा पाइप मिळणार नाही.

सातवी पायरी: कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले तपशील कारखान्यानं ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. परवानगी नसलेल्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शाफ्ट कोणत्या धातूचा हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं, पण त्यावर विसंबून राहू नका. एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूरच्या, आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा. मालवाहू गाडीला फिटनेस घ्यावाच लागतो, तिथे प्रश्न निघू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर शाफ्ट, गिअरबॉक्स आणि हाउसिंगवरचा हक्क जाण्याची शक्यता धरूनच चाला.

माझं मत

माल वाहणाऱ्या, घाटात चढणाऱ्या, शेतात शिरणाऱ्या गाडीला पोलादी शाफ्टच ठेवा. क्रॉस बदला, रबर बदला, डायनॅमिक बॅलन्सिंग, म्हणजे शाफ्ट फिरवून केलेलं बॅलन्सिंग, करून घ्या. कुटुंबाच्या गाडीलाही हेच सांगेन. ट्रॅकवर पळवायला गाडी तयार केली असेल, इंजिनाची ताकद वाढवली असेल, शाफ्टचे फेरे मर्यादेला टेकत असतील किंवा सेंटर बेअरिंग पुन्हापुन्हा जात असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट विचारात घेण्यासारखा आहे. तेव्हा तो मनापासून घ्या आणि नीट बसवा.

घ्यायचाच ठरला तर

माप घेताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर मागची चाकं लोंबकळत असतील तर माप चुकतं. सरकता जॉइंट पूर्ण आत ढकला, मग दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर ओढा आणि तिथून माप घ्या. ही मोकळीक ठेवली नाही तर खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आदळतो. विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: पाइपचा व्यास आणि भिंत, किती फेऱ्यांवर बॅलन्स केला, किती टॉर्कसाठी आहे, आणि क्रॉसचा नंबर काय. क्रॉस इथल्या दुकानात मिळणारा असावा. मिळत नसेल तर दोन जादा घेऊन ठेवा.

जुना शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर, म्हणजे बोल्टनं जोडलेल्या टोकाच्या चकतीवर, आणि जॉइंटवर रंगाच्या खुणा करा. तो भंगारात घालू नका, तेल लावून आडवा ठेवा. टोक बाहेर काढताना गिअरबॉक्समधून तेल येतं, खाली डबा धरा आणि काम झाल्यावर पातळी भरा. गिअरबॉक्सच्या आणि हाउसिंगच्या टोकाचे कोन मोजा. मोबाईलमधलं कोनमापक यासाठी पुरतं. शाफ्टशी होणारे दोन्ही कोन सारखे हवेत, एक ते तीन अंशांच्या दरम्यान. अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. फ्लँजचे बोल्ट नवे घ्या आणि टॉर्क पान्यानं कंपनीनं दिलेल्या मापाला आवळा. "हाताला कळतंय की मालक" हे इथे ऐकून घेऊ नका.

पहिली चक्कर रिकाम्या गाडीची, चाळीसपर्यंत. मग साठ, मग ऐंशी. कुठेही नवी गुणगुण आली तर तिथूनच परत फिरा. दुसरी चक्कर माल भरून मारा, कारण पाटे दबले की कोन बदलतात. तुळजापूरच्या घाटात एकदा चढवून आणा, खाली आल्यावर पाइपवर कुठे घासल्याची चमक दिसते का ते बॅटरी मारून बघा. पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासा आणि क्रॉसला निपल असेल तर चारही वाट्यांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. त्यानंतर प्रत्येक ऑइल बदलाला खालून पाइपवर हात फिरवा. नखाला अडेल असा ओरखडा लागला तर गाडी तिथेच उभी करा आणि जपून ठेवलेला जुना शाफ्ट चढवा.